लिस्बन पहिल्यांदा पाहताना: १७५५ च्या अलीकडचं आणि पलीकडचं शहर

लिस्बनला पहिल्यांदा जाणारे बहुतेक जण २८ नंबरच्या ट्रामसाठी तासभर रांगेत उभे राहतात, बेलेंच्या मनोऱ्यासमोर फोटो काढतात, पाश्तेल, म्हणजे अंड्याच्या कस्टर्डची गोड टार्ट, खातात आणि पुढच्या शहराकडे निघतात. फोटो सुंदर येतात, कारण तिथला उजेडच तसा आहे. पण एक टेकडी एवढी वेडीवाकडी आणि तिच्या पायथ्याचा भाग पट्टीने आखल्यासारखा सरळ का, हे कोडं सुटत नाही. ते सोडवायचं तर एक तारीख लक्षात ठेवावी लागते: १ नोव्हेंबर १७५५. त्या सकाळच्या भूकंपाने या राजधानीचे दोन भाग केले. आजही रस्त्यातून चालताना आपण भूकंपाआधीच्या लिस्बनमध्ये आहोत की नंतरच्या, हे ओळखता येतं.

म्हणून माझा सल्ला असा: आधी टेकडी, मग सपाटी आणि शेवटी नदीकाठचं बेलें. काळाच्या हिशेबाने बेलें मधे येतं, पण मी ते मुद्दाम शेवटी ठेवतो. तिथली स्मारकं फार मोठ्या आवाजात बोलतात. ती आधी पाहिली की बाकीचं शहर ऐकू येत नाही. आणि आपल्यासाठी, म्हणजे वसई-चौल-गोव्याच्या किनाऱ्याशी नातं असलेल्यांसाठी, बेलेंमध्ये जे आहे ते समजून घ्यायला आधीचे दोन दिवस उपयोगी पडतात.

निघण्याआधी

दोन दिवस पूर्ण आणि तिसऱ्या दिवशी निदान दुपारपर्यंत वेळ ठेवा. सोमवारी बरीच संग्रहालयं आणि बेलेंमधल्या वास्तू बंद असतात, त्यामुळे बेलेंचा दिवस सोमवारी येऊ देऊ नका. जुन्या वास्तू आलटून पालटून दुरुस्तीसाठीही बंद ठेवतात, म्हणून आदल्या रात्री त्या त्या ठिकाणच्या संकेतस्थळावर एक नजर टाका.

सगळ्यात महत्त्वाचे बूट. इथले फुटपाथ चुनखडीच्या लहान लहान दगडांचे, हाताने बसवलेले असतात. त्यांना काल्सादा म्हणतात. वर्षानुवर्षं पायांनी घासून ते आरशासारखे झालेत आणि सर पडून गेली की शेवाळलेल्या घाटाच्या पायऱ्यांसारखे वागतात. मी पहिल्याच संध्याकाळी साध्या चपलांवर उतार उतरत होतो. घसरलो, आणि उरलेली सहल मनगटाला पट्टी बांधून केली. रबरी तळाचे, पकड असलेले बूटच न्या.

विमानतळावरून मेट्रोची लाल लाइन थेट शहरात जाते. मेट्रोच्या मशीनवर नावेगांत कार्ड मिळतं. माणशी एक कार्ड घ्यावं लागतं, एकावर दोघांना जाता येत नाही. त्यात पैसे भरून ठेवा. याला तिथे ‘झॅपिंग’ म्हणतात. मग तेच कार्ड मेट्रो, बस, ट्राम आणि बेलेंकडे जाणाऱ्या लोकल गाडीलाही चालतं. डोंगरी रेल्वेसारख्या फ्युनिक्युलर मात्र गृहीत धरू नका. सप्टेंबर २०२५ मध्ये ग्लोरिया मार्गावर भीषण अपघात होऊन १६ जणांचा जीव गेला. त्या चालू आहेत का, हे तिथे पोचल्यावर विचारा.

जेवायला बसलात की न मागता पाव, ऑलिव्ह, चीज टेबलावर येतं. ते फुकट नसतं. नको असेल तर हात न लावता परत पाठवा, त्यात कुणाला वावगं वाटत नाही. शाकाहारी असाल तर भाज्यांचं सूप, ‘सोपा द लेगुमेश’, बहुतेक साध्या खानावळींत मिळतं. काल्दू व्हेर्द नावाचं हिरवं सूप मागवताना मात्र त्यातली सॉसेजची चकती आधीच नको म्हणून सांगा.

आणि भाषेची भीती बाळगू नका. दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचत चला. बटाटा तिथेही बटाटाच आहे. पाव, चावी, साबण, अननस, काजू, कोबी, बादली हे सगळे शब्द याच बंदरातून निघून आपल्या स्वयंपाकघरात आले. मशीनवर ‘पगार’ असं लिहिलेलं दिसलं तर ते तुम्हाला पैसे भरायला सांगतंय. पोर्तुगीजमध्ये ‘पगार’ म्हणजे पैसे देणं, आणि आपण महिन्याच्या एक तारखेला ज्याची वाट बघतो तो शब्द तोच. आभार मानताना पुरुषाने ‘ओब्रिगादू’ म्हणावं, बाईने ‘ओब्रिगादा’.

पहिला दिवस: टेकडीवरचं जुनं शहर

सकाळी ‘से’पासून सुरुवात करा. से म्हणजे बिशपचं पीठ. जुन्या गोव्यातलं से कॅथेड्रल ज्यांनी पाहिलंय त्यांना नाव लगेच ओळखू येईल. ११४७ मध्ये आफोन्सू एन्रिकेश या पहिल्या पोर्तुगीज राजाने, वाटेत थांबलेल्या क्रुसेडर सैनिकांच्या मदतीने, मूर मुसलमानांकडून लिस्बन घेतलं आणि लगोलग हे चर्च बांधायला घेतलं. समोरून ते चर्चपेक्षा गढीसारखं दिसतं. दोन जाड बुरूज, वर कंगोरे. ज्या काळात कधी हल्ला होईल याचा नेम नव्हता, त्या काळाचं हे बांधकाम आहे.

से’च्या अगदी शेजारी आल्जूब आहे. बरेच जण त्यावरून नुसते पुढे जातात, पण तिथे एक तास द्या. सालाझारच्या हुकूमशाहीत हा राजकीय कैद्यांचा तुरुंग होता, २०१५ पासून संग्रहालय आहे. कैद्यांना ठेवायच्या खोल्या किती अरुंद होत्या ते तिथे दाखवलंय. युरोपातल्या एका राजधानीत विसाव्या शतकात जवळजवळ अर्धशतक मतं मांडल्याबद्दल माणसं कोंडली जात होती, हे बघितलं की पुढे बेलेंमधलं स्मारक वेगळं दिसतं.

तिथून चढ चढत सांता लुझियाच्या सज्जावर या. अशा सज्जांना मिरादोरू म्हणतात. सगळे जण नदीकडे तोंड करून फोटो काढत असतात. तुम्ही पाठ फिरवा आणि चर्चची भिंत बघा. निळ्या-पांढऱ्या फरशांवर नदीकाठचा राजवाड्याचा चौक रंगवलाय, १७५५ च्या आधी होता तसा. चित्र अलीकडचं आहे, पण ते नीट डोळ्यांत साठवा. उद्या तुम्ही त्याच जागी उभे असाल आणि त्यातलं जवळपास काहीच तिथे नसेल. याहून मोठं काम बघायचं असेल तर शहराच्या पूर्वेला, माद्रे द देऊशच्या जुन्या मठात, फरशांचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. तिथे भूकंपाआधीच्या संपूर्ण लिस्बनचं सुमारे २३ मीटर लांबीचं फरशीचित्र आहे, १७०० च्या सुमाराचं. जे शहर नाहीसं झालं त्याचं एवढं तपशीलवार चित्र मागे उरावं, हे नशीबच म्हणायचं.

किल्ल्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. साओ जोर्जचा किल्ला जागेने जुना, पण आजचे बुरूज बरेचसे १९३८ ते १९४० च्या डागडुजीतले आहेत. वेळ आणि गुडघे दोन्ही चांगले असतील तर जा. प्रासा दा फिगैरा चौकातून ७३७ नंबरची बस दारापर्यंत सोडते. नाहीतर तो वेळ खाली आल्फामाला द्या. आल्फामा हे नावच अरबी, ‘अल-हम्मा’ म्हणजे गरम पाण्याचे झरे. हा भाग कठीण खडकावर वसलेला असल्यामुळे भूकंपात बराचसा टिकला. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने भिंतीला चिकटावं अशा गल्ल्या, वर वाळत घातलेले कपडे, कोपऱ्यावर पाण्याचा नळ. इथे नकाशा खिशात ठेवा. उतार दिसला की नदी खाली आहे एवढं लक्षात असलं तरी पुरे.

दुपारनंतर साओ व्हिसेंत द फोरा या मठात जा. मला स्वतःला लिस्बनमध्ये सर्वांत आत लागलेली जागा ही. मठाच्या जुन्या भोजनगृहात ब्रागांसा घराण्याच्या राजे-राण्यांच्या शवपेट्या ओळीने मांडल्या आहेत. त्यातली एक कातारिनाची, म्हणजे आपल्याकडच्या पुस्तकांतल्या कॅथरिन ऑफ ब्रागान्झाची. १६६१ च्या तहात तिचं लग्न इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सशी ठरलं आणि मुंबई आंदणात गेली. १६६२ च्या वसंतात ती या शहरातून जहाजाने निघाली. बेट प्रत्यक्ष इंग्रजांच्या हाती पडायला १६६५ उजाडलं आणि १६६८ मध्ये राजाने ते वर्षाला १० पौंडांच्या भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलं. शाळेत हे सगळं एका ओळीत वाचलेलं असतं. ती ओळ जिच्या नावाने लिहिली गेली ती बाई, नवरा गेल्यावर मायदेशी परतून १७०५ मध्ये वारली आणि आता इथे आहे. मी दादरला वाढलो. त्या पेटीपुढे मी किती वेळ उभा होतो ते मला सांगता येणार नाही.

मंगळवारी किंवा शनिवारी आलात तर मठामागच्या मैदानात जुन्या बाजाराची धांदल असते, फुटक्या फरशांपासून लष्करी बटणांपर्यंत. फरशा घेताना जपून घ्या. जुन्या घरांच्या भिंतींवरून चोरून आणलेल्या फरशा विकल्या जातात, ही तिथली खरीखुरी चिंता आहे. शेजारचा पांढरा घुमट म्हणजे सांता एंग्रासिया. काम १६८२ मध्ये सुरू झालं आणि १९६६ मध्ये संपलं. रखडलेल्या कामाला पोर्तुगीज आजही ‘सांता एंग्रासियाचं बांधकाम’ म्हणतात.

दुसरा दिवस: भूकंपानंतरची सपाटी

नदीकाठच्या मोठ्या चौकात या. नकाशावर त्याचं नाव प्रासा दो कोमेर्सिउ, म्हणजे व्यापार चौक. पण लिस्बनकर अजून ‘तेरैरू दू पासू’ म्हणतात, म्हणजे राजवाड्याचं पटांगण. राजवाडा जाऊन पावणेतीनशे वर्षं झाली, तरी नाव लोकांच्या तोंडात राहिलंय.

तो दिवस सर्व संतांच्या सणाचा होता. सकाळी साडेनऊ-पावणेदहाच्या सुमारास चर्चं माणसांनी भरलेली, वेदीवर मेणबत्त्या पेटलेल्या. जमीन हलली, छतं भाविकांवर कोसळली. जी माणसं वाचली ती मोकळी जागा म्हणून नदीकाठी धावली. तिथे पाणी आधी मागे हटलं आणि थोड्या वेळाने लाट होऊन परत आलं. उलटलेल्या मेणबत्त्यांनी आणि चुलींनी लागलेली आग पुढे कित्येक दिवस धुमसत होती. राजवाडा गेला आणि त्याबरोबर सुमारे ७० हजार ग्रंथांचं राजग्रंथालय. राजा दों जोझे त्या दिवशी कुटुंबासह बेलेंला होता म्हणून वाचला. त्यानंतर दगडी छताखाली झोपायची त्याला इतकी धास्ती बसली की त्याचा दरबार पुढे लाकडी वाड्यात राहिला.

शहर उभं केलं ते त्याच्या मंत्र्याने, पुढे मार्केस द पोंबाल म्हणून ओळखल्या गेलेल्या सेबास्तियाऊं जोझेने. नकाशे काढणाऱ्यांचा प्रमुख मानुएल दा माया तेव्हा ऐंशीच्या घरात होता. चौकाकडून कमानीतून आत शिरलात की त्यांचं काम समोर आहे: बायशा. सरळ रस्ते, सारख्या उंचीची घरं, दोन घरांमध्ये आग पसरू नये म्हणून छपरावर डोकावणाऱ्या भिंती. रस्त्यांना धंद्यांची नावं दिली: सोनारांचा, चांदीकाम करणाऱ्यांचा, चांभारांचा.

खरी करामत मात्र भिंतींच्या आत आहे. प्रत्येक घरात लाकडाचा सांगाडा बसवला. त्याला ‘गायोला’ म्हणतात, म्हणजे पिंजरा. आपल्या वाड्यांतही लाकडी खांब-तुळ्यांचा सांगाडा असतो, पण इथे चौकटीत फुलीसारखे तिरके वासे आहेत, म्हणून जमीन हलली की घर डोलतं, चटकन मोडत नाही. नमुन्याच्या सांगाड्याभोवती सैनिकांना पाय आपटत चालवून तो तपासला, असं सांगतात. भूकंपाचा विचार करून आखलेलं हे युरोपातलं अगदी सुरुवातीचं शहरकाम आहे. रुआ दुश कोर्रैरूश या रस्त्यावर एका बँकेच्या इमारतीखाली उत्खनन बघायला मिळतं. मार्गदर्शकाबरोबरच आत सोडतात, त्यामुळे वेळ आधी ठरवा. रोमन काळातल्या मासे खारवायच्या टाक्या आणि त्यांच्याच बाजूला ओल्या मातीत ठोकलेले पोंबालच्या काळातले लाकडी खुंट. सगळी बायशा अशा खुंटांवर उभी आहे.

मग रोसिउ चौक. लाटांसारखी नक्षी असलेली फरशी सगळे टिपतात. तिच्या उत्तरेला जे राष्ट्रीय नाट्यगृह आहे, त्या जागी एके काळी इन्क्विझिशनचा वाडा होता. पोर्तुगालमध्ये ते धर्मन्यायालय १५३६ मध्ये आलं, गोव्यात १५६० मध्ये. त्याच दशकात गोव्यातली देवळं पाडली जात होती आणि कुशस्थळीचा मंगेश, केळोशीची शांतादुर्गा नदीपलीकडे अंत्रुजात, म्हणजे फोंड्याच्या भागात, नेली गेली. ज्यांची ही कुलदैवतं आहेत त्यांनी या नाट्यगृहासमोर घटकाभर थांबावं. दोन पावलांवर साओ दोमिंगूशचं चर्च आहे. १५०६ च्या एप्रिलमध्ये इथून उसळलेल्या जमावाने सक्तीने ख्रिस्ती केलेल्या हजारो ज्यूंची कत्तल केली. २००८ मध्ये चर्चसमोर त्यांच्यासाठी स्मृतिशिला बसवली. चर्चच्या आत १९५९ च्या आगीत तडकलेले, काळवंडलेले खांब तसेच ठेवलेत. ती डागडुजी न करण्याचा निर्णय मला फार योग्य वाटतो.

दिवस कार्मोच्या मठात संपवा. रविवारी तो बंद असतो. १३८९ मध्ये सुरू झालेलं हे चर्च भूकंपात छप्पर गमावून बसलं आणि ते परत घातलंच नाही. कमानींच्या दगडी बरगड्या उभ्या आणि मधे आकाश. बाहेरच्या लहानशा चौकात २५ एप्रिल १९७४ ला कॅप्टन साल्गैरू माया यांच्या तुकडीने शेजारच्या बराकीत लपलेल्या पंतप्रधान कायतानूंना वेढलं आणि संध्याकाळपर्यंत हुकूमशाही संपली. सैनिकांच्या बंदुकांच्या नळ्यांत लोकांनी लाल कार्नेशनची फुलं खोवली. आपल्याशी याचा धागा सरळ आहे: गोवा १९६१ मध्ये मुक्त झाला तरी पोर्तुगालने ते कागदावर मान्य केलं नव्हतं. या चौकातल्या त्या दुपारनंतर, ३१ डिसेंबर १९७४ ला, भारताशी करार झाला आणि ते मान्य झालं.

तिसरा दिवस: बेलें

काइश दू सोद्रे स्थानकावरून काश्काइशची लोकल किंवा १५ नंबरची ट्राम. सकाळी दार उघडायच्या आधी पोचा.

जेरोनिमूश मठाचं चर्च आणि मठाचं आतलं अंगण यांचे दरवाजे वेगळे आहेत, रांगा बघून ठरवा. मानुएल राजाच्या काळात, सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला, हे काम निघालं आणि त्याचा खर्च आफ्रिका व पूर्वेकडच्या व्यापारावरच्या ५ टक्के करातून भागवला. खांबांवर दगडात कोरलेले जहाजाचे दोर, गाठी, प्रवाळ. चर्चमध्ये शिरताच एका बाजूला वास्को द गामा, दुसऱ्या बाजूला कवी कामोइंश. गामा ८ जुलै १४९७ ला याच काठावरून निघाला, १४९८ च्या मे महिन्यात कालिकतला पोचला आणि १५२४ मध्ये कोचीत वारला.

नदीकडेला, १९६० मध्ये काँक्रीट आणि दगडात उभारलेलं जहाजाच्या आकाराचं शोधस्मारक आहे. त्यावर ३३ माणसं कोरली आहेत. साल लक्षात ठेवा. साम्राज्य अढळ आहे असं सांगण्यासाठी सालाझारच्या राजवटीने ते उभं केलं, आणि पुढच्याच वर्षी १९ डिसेंबरला गोवा गेला.

आता मनोरा. १५१४ च्या आसपास सुरू झालेला, नदीच्या मुखाशी पहारा देणारा. आत जाण्यासाठी तासभर रांगेत घालवू नका. पश्चिमेच्या बाजूला काठावर उभे राहा आणि बुरुजाच्या कोपऱ्यावरच्या टेहळणी-सज्जाच्या तळाशी बघा, फोनचा कॅमेरा मोठा करून. झिजलेलं एक डोकं दिसेल. तो गेंडा आहे. गुजरातच्या सुलतान मुजफ्फरशाह दुसऱ्याने तो पोर्तुगीज गव्हर्नर आफोन्सू द आल्बुकर्कला भेट दिला, आल्बुकर्कने १५१५ च्या जानेवारीत गोव्याहून राजाकडे पाठवला आणि २० मे रोजी तो इथे, हा मनोरा बांधला जात असताना, उतरला. रोमन काळानंतर युरोपने जिवंत गेंडा पाहिला नव्हता. राजाने त्याची हत्तीशी झुंज लावली तेव्हा हत्तीच पळाला. लिस्बनकरांनी त्याला आपलाच शब्द दिला: ‘गांदा’. पुढच्या वर्षी पोपकडे नेताना इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडालं आणि साखळीने बांधलेला तो मुका जीव बुडून मेला. पावसावाऱ्याने शिंग केव्हाच झडलंय, चेहराही सपाट झालाय. पण कुठे बघायचं ते एकदा कळलं की ओळखू येतो.

पाश्तेल खायचाच. मठाजवळच्या दुकानात १८३७ पासून करतात. गरम असतानाच, वरून दालचिनी भुरभुरून.

वेळ उरला तर परत न फिरता त्याच लोकलने पुढे जा. काही स्थानकांनंतर काशियास येतं. सांगलीचे मोहन रानडे गोवामुक्तीसाठी लढताना १९५५ मध्ये पकडले गेले आणि शेवटी इथल्या किल्ल्याच्या तुरुंगात आणले गेले. गोवा स्वतंत्र झाल्यावरही सात वर्षं ते आतच होते. महाराष्ट्रात त्यांच्या सुटकेसाठी झटणाऱ्यांत सुधीर फडके होते. १९६९ च्या जानेवारीत रानडे सुटले. जाताना डब्यात डाव्या बाजूला बसा, नदी सगळा वेळ सोबत असते. काशियासला मात्र उजवीकडे बघा, टेकडीच्या अंगाला.